अजीजुल हक यांचा वाटा

दर काही महिन्यांनी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरतो. बोटांच्या ठशांचा शोध एका मुसलमान पोलीस अधिकाऱ्याने लावला, इंग्रजांनी तो स्वतःच्या नावावर केला, अशा अर्थाचा. नाव असतं खानबहादूर काझी अजीजुल हक. खाली ‘माशाअल्लाह’ची रांग लागते, कुणीतरी सूरह अल-कियामहमधल्या बोटांच्या उल्लेखाची आठवण करून देतं, आणि संदेश पुढच्या ग्रुपात जातो. हा माणूस कुठला, घरी कोण होतं, निवृत्त झाल्यावर कुठे राहिला, सोबत काम करणारे त्याच्याबद्दल काय सांगत, हे कुणी विचारत नाही. अभिमान मिळाला की आपलं काम झालं.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पोलिसांशी किंवा गणिताशी माझा धंद्याने संबंध नाही. पण हक यांच्याबद्दल जे मिळेल ते गेली काही वर्षं वाचत आले आहे, आणि माझं मत असं झालं आहे की हा संदेश बराचसा खरा असूनही त्या माणसावर अन्याय करतो.

त्यांच्या लहानपणाची हकिकत पाहा. ती कुठल्याही सरकारी फायलीत असण्याची शक्यता नाही. असली गोष्ट घरातच टिकते. जन्म १८७२ चा, आजच्या बांगलादेशातल्या खुलना भागातल्या पैग्राम कसबा गावचा. आईवडील होडीच्या अपघातात गेले. घरी थोरला भाऊ, खाणारी तोंडं जास्त, कमाई थोडी. अजीजुलला भूक फार. घरच्यांच्या वाट्याचंही तो खाऊन टाकायचा आणि त्यावरून भावाचा मार खायचा. एकदा असाच मार खाल्ल्यावर बारा वर्षांचं पोर घर सोडून कलकत्त्याला पळालं. तिथे एका कुटुंबाने आसरा दिला, पोराचं हिशेबात डोकं चालतं हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी त्याला शाळेत घातलं.

ज्या माणसाचं काम पुढे जगभरच्या पोलीस ठाण्यांत पोचलं, त्याच्या खानदानाने जपलेली पहिली गोष्ट ही: लहानपणी फार जेवायचा. मला ही गोष्ट फार आवडते. पदव्या आणि किताब सरकार लिहून ठेवतं. भाकरीवरून खाल्लेला मार घरचेच लक्षात ठेवतात. कोकणातून मुंबईला पळालेल्या पोरांच्या अशा गोष्टी आपल्याही घरांत आहेत, त्यामुळे त्या बंगाली मुलाला ओळखायला आपल्याला फार वेळ लागू नये.

पुढे हा मुलगा कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकत होता. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांना आकडेमोडीत तयार असा एक तरुण हवा होता. त्यांनी कॉलेजच्या प्राचार्यांना विचारलं, प्राचार्यांनी हक यांचं नाव सुचवलं, आणि गणिताचा विद्यार्थी पोलीस सब-इन्स्पेक्टर झाला. ही १८९२ च्या सुमाराची गोष्ट. सुरुवातीचं काम फ्रान्समधून आलेल्या बर्टिलॉन पद्धतीचं होतं: कैद्याच्या डोक्याची, हाताची, पायाची मापं घ्यायची आणि त्यावरून जुना गुन्हेगार ओळखायचा. मोजणारा हात जरा सैल पडला की सगळं माप चुकायचं.

आता त्या संदेशातलं पहिलं वाक्य. बोटांचे ठसे माणसागणिक वेगळे असतात, हा शोध हक यांचा नाही. विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालातल्या जंगीपूरला १८५८ मध्ये राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला होता. जपानमध्ये डॉक्टरी करणाऱ्या हेन्री फॉल्ड्स यांनी १८८० मध्ये ठशांवर लिहिलं. फ्रान्सिस गाल्टन यांचं ठशांवरचं पुस्तक १८९२ मध्ये आलं. ठसे वेगळे असतात हे तोवर माहीत होतं. अडचण दुसरीच होती. कचेरीत हजारो माणसांच्या दहा बोटांच्या ठशांचे कागद पडले आहेत. आज एक माणूस पकडून आणला, तो आपलं नाव खोटं सांगतो आहे. त्याचा जुना कागद त्या ढिगातून काढायचा कसा? एकेक कागद पाहत बसलं तर महिने जातील.

या अडचणीचं उत्तर सांगायला आपल्याकडे तयार शब्द आहेत. लहानपणी आपण सगळ्यांनी बोटांवरचे शंख आणि चक्रं मोजली आहेत. चक्रं जास्त तर नशीब थोर, असं कुणीतरी आजी सांगायची. हक यांची पद्धत म्हणजे हीच मोजणी, फक्त नशिबाऐवजी कागद शोधण्यासाठी. उजव्या अंगठ्यापासून निघून उजव्या करंगळीपर्यंत जायचं, मग डाव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत. या क्रमाने दहा बोटांच्या पाच जोड्या होतात. पहिल्या जोडीत चक्र असेल तर त्याला १६ गुण, दुसरीत ८, तिसरीत ४, चौथीत २, पाचवीत १. शंखाला काही नाही. प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्या बोटाच्या गुणांची बेरीज वर लिहायची, पहिल्या बोटाच्या गुणांची खाली, आणि शून्य येऊ नये म्हणून दोन्हीकडे १ मिळवायचा. समजा उजवा अंगठा, उजवी अनामिका आणि डावा अंगठा या तीन बोटांवरच चक्रं आहेत. वर ८ आणि ४ मिळून १२, अधिक १ म्हणजे १३. खाली १६ अधिक १ म्हणजे १७. या माणसाचा अपूर्णांक १३/१७.

वर १ ते ३२, खाली १ ते ३२. म्हणजे ३२ गुणिले ३२, एकूण १०२४ खण. भिंतीला लावलेल्या लाकडी कपाटात आडवे बत्तीस, उभे बत्तीस खण करा, माणसाचा अपूर्णांक काढा आणि थेट त्या खणाशी जा. काही खणांत गर्दी होतेच, त्यासाठी पुढचे पोटभाग लागतात. पण ढीग संपला. आठवीच्या मुलांना शाईचं पॅड देऊन हे करायला लावलं तर एका तासात त्यांना येतं. गणिताचा कंटाळा करणारी मुलंही स्वतःचा अपूर्णांक काढून दाखवतात. सोपी दिसणारी अशी गोष्ट सुचायला केवढं डोकं लागतं, हे मुलांना सांगावं लागत नाही.

१८९७ मध्ये सरकारने एक समिती नेमून जुनी माप-पद्धत आणि नवी ठसे-पद्धत दोन्ही तपासून घेतल्या. ठसे वरचढ ठरले आणि कलकत्त्यात जगातला पहिला ठसे विभाग सुरू झाला. १८९९ मध्ये कायदा बदलून ठसेतज्ज्ञाचं मत कोर्टात पुरावा म्हणून मान्य झालं. १९०० मध्ये हेन्री यांचं पुस्तक निघालं, १९०१ मध्ये ते लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेले आणि तिथेही हाच विभाग उभा केला. १९०३ पासून पंधरा वर्षं ते लंडनचे पोलीस आयुक्त होते. पद्धतीला जगभर नाव मिळालं ‘हेन्री पद्धत’. पुस्तकात हक यांना श्रेय नव्हतं. हक १९१२ मध्ये बिहार वेगळा झाल्यावर त्या प्रांताच्या पोलिसांत गेले, नोकरी संपवली आणि मोतिहारीला राहिले.

यानंतर जे झालं, ते त्या संदेशात कधीच नसतं. हक यांनी मागितलं. सरकारकडे आपल्या कामाची दखल घ्यावी, मानधन द्यावं, अशी मागणी केली. १९२५ मध्ये कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’नेही लिहिलं की ठशांच्या वर्गीकरणात एका मुसलमान सब-इन्स्पेक्टरचा मोठा वाटा आहे आणि त्याची पुरेशी कबुली दिली गेलेली नाही. लंडनच्या इंडिया ऑफिसने हेन्री यांना विचारलं. हेन्री तेव्हा निवृत्त होऊन म्हातारे झालेले. १९२६ मध्ये त्यांनी लेखी कळवलं की आपल्या हाताखालच्या लोकांपैकी या पद्धतीला पूर्णत्व देण्यात हक यांचा वाटा सर्वांत मोठा होता. खानबहादूर हा किताब आणि पाच हजार रुपये हक यांच्या पदरात पडले ते काम झाल्यावर तीसेक वर्षांनी.

आपल्या समाजात, आणि एकूणच मराठी घरांत, स्वतःच्या तोंडाने स्वतःचं काम सांगणं हलकं मानतात. ‘केलं असेल तर दिसेल लोकांना’ असं म्हणतात. लोकांना दिसत नाही. निवृत्त माणसाने टेबलामागून टेबल अर्ज घेऊन फिरावं यात अपमान आहे हे मी नाकारत नाही, थकलेल्या वेतनफरकासाठी खेटे घालणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पण हक यांनी तो अर्ज केला नसता तर इंडिया ऑफिसने विचारलं नसतं, हेन्री यांनी पत्र लिहिलं नसतं, आणि आज हक यांचं नाव घेणाऱ्याच्या हातात घरगुती आठवणीपलीकडे काही उरलं नसतं. २००३ मध्ये चंदक सेनगुप्ता यांनी या इतिहासावर पुस्तक लिहिलं, २००५ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये सोधी आणि कौर यांनी या विसरलेल्या भारतीयांवर लेख लिहिला. असं संशोधन उभं राहतं ते अशा जुन्या कागदांवर.

त्या लेखात भारतीय एक नव्हता, दोन होते. दुसरे हेमचंद्र बोस. तेही सब-इन्स्पेक्टर, त्याच कचेरीतले. ठशांचे पोटभाग पाडण्याचं काम त्यांनी केलं आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला ठसा तारेने कळवता यावा यासाठी संकेतलिपी तयार केली. पोस्टाने कागद पाठवायला दिवस लागत, तोवर माणूस पळून जाई. त्यांना रायबहादूर किताब मिळाला, मानधनही मिळालं. आपल्या संदेशात त्यांचं नाव नसतं. इंग्रजाने हक यांचं नाव गाळलं याचा आपल्याला राग येतो, आणि त्याच वाक्यात आपण बोस यांचं नाव गाळतो. ब्रिटनमधल्या ठसेतज्ज्ञांच्या ‘फिंगरप्रिंट सोसायटी’ने संशोधनासाठी पारितोषिक ठेवलं ते हक आणि बोस अशा दोघांच्या नावाने. दोघांनी वर्षानुवर्षं भिंगातून तेच कागद पाहिले. जो सोबत बसला त्याला वगळून केलेली आठवण मला तरी आठवण वाटत नाही, ती वाटणी वाटते.

ठसा किती सिद्ध करतो याचीही एक गोष्ट त्याच काळातली आहे. जलपाईगुडीला एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. खोलीतल्या बंगाली पंचांगावर रक्ताचा अस्पष्ट ठसा होता. तो आधी चोरीत शिक्षा झालेल्या एका नोकराच्या अंगठ्याशी जुळला. १८९८ मध्ये खटला झाला. कोर्टाने चोरीची शिक्षा दिली, खुनाचा आरोप मानला नाही. हात तिथे पोचला होता एवढं ठशाने सांगितलं, खून त्याच हाताने केला असं सांगितलं नाही. कलकत्त्याच्या विभागाला हा निकाल रुचला नसेलही, मला मात्र त्या कोर्टाचं कौतुक वाटतं.

आता अवघड भाग. संदेश पुढे पाठवणाऱ्यांना तो आवडणार नाही.

ही पद्धत कुणावर चालली? १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात नोंदणी झालेल्या माणसांचे बोटांचे ठसे घेण्याची तरतूद होती. गुन्हा केलेला असण्याची गरज नव्हती, त्या जमातीत जन्म पुरेसा होता. आपल्याकडच्या पारध्यांना विचारा. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण ठाण्यात पहिला संशय कुणावर येतो हे सोलापूर-उस्मानाबादकडच्या कुणालाही माहीत आहे.

आणि आपलीच माणसं. दक्षिण आफ्रिकेच्या ट्रान्सवालमध्ये १९०६ पासून हिंदी लोकांना नोंदणी सक्तीची करायचं ठरलं, दहाही बोटांचे ठसे देऊन. हेन्री स्वतः १९०० मध्ये तिकडच्या पोलिसांची घडी बसवायला जाऊन आले होते. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा झाली. हाजी हबीब नावाचे मुसलमान व्यापारी उभे राहिले आणि म्हणाले की हा कायदा मानायचा नाही, अशी अल्लाहला साक्षी ठेवून शपथ घेऊ. गांधींच्या सत्याग्रहाची सुरुवात इथली. १६ ऑगस्ट १९०८ ला हमीदिया मशिदीच्या आवारात मोठ्या कढईत नोंदणीचे दाखले जाळले गेले. गांधींनी या लढ्याच्या आपल्या इतिहासात लिहिलं आहे की त्यांनी हेन्री नावाच्या पोलीस अधिकाऱ्याचं ठशांवरचं पुस्तक वाचलं, आणि कायद्याने असे ठसे फक्त गुन्हेगारांकडून घेतात हे त्यांना त्यातून कळलं. म्हणजे हक यांचं गणित, हक यांच्या नावाशिवाय, गांधींच्या हातात पडलं, आणि ते वाचून आपली माणसं गुन्हेगार ठरवली जात असल्याची त्यांची खात्री झाली.

ठशांचा शोध ‘आपला’ म्हणून मिरवायचा असेल तर हमीदिया मशिदीतली कढईही आपलीच आहे, तिचंही नाव घ्यावं. हक यांना मी दोषी धरत नाही. खोटं नाव सांगणारा माणूस ओळखणं हे पोलिसाचं रास्त काम आहे, आणि ठशामुळे निरपराध सुटलेही आहेत. पण पद्धत बनवणारा आणि पद्धतीखाली भरडले जाणारे एकाच घरातले असू शकतात, एवढं तरी आपण धरून ठेवावं. २०२२ च्या नव्या कायद्याने पोलिसांना ठशांबरोबर डोळ्यांची बुबुळंही नोंदवता येतात आणि त्या नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. बिडी वळून वळून बोटं गुळगुळीत झालेल्या बाईला रेशन दुकानातलं यंत्र ओळखत नाही तेव्हा ती तिथेच उभी राहून ओढणीला बोट पुसत राहते. ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून आपण ज्यांना हसायचो त्यांचाच अंगठा आता चालेनासा झाला.

हक १९३५ मध्ये वारले. कबर मोतिहारीलाच आहे. हे चंपारणचं गाव, १९१७ मध्ये निळीच्या शेतकऱ्यांसाठी गांधी आले ते इथेच. (माणसावर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या सरकारची कादंबरी लिहिणारे जॉर्ज ऑर्वेलही इथेच जन्मले, १९०३ मध्ये. योगायोगाला मी जास्त अर्थ देत नाही, पण हा सांगितल्यावाचून राहवत नाही.) फाळणीनंतर हक यांच्या खानदानातले बहुतेक जण पाकिस्तानच्या दोन्ही भागांत गेले, पुढची पिढी आणखी दूरच्या देशांत पांगली. कबर एका देशात, जन्मगाव दुसऱ्या देशात, नातवंडं-पतवंडं तिसऱ्या-चौथ्या. तरीही जास्त जेवणाऱ्या पोराची गोष्ट टिकली, कारण ती सांगणारं कुणीतरी प्रत्येक पिढीत निघालं.

आपल्याकडे मालेगाव, औरंगाबाद, मिरज, भिवंडीत पोलीस खात्यातून निवृत्त झालेले मुसलमान जमादार, फौजदार आहेत. काही हयात आहेत, काहींची मुलं आहेत. मोहल्ल्यात त्यांच्याबद्दल एक अवघडलेपण असतं: खात्यात ‘त्यांचा माणूस’ आणि घराकडे ‘सरकारचा माणूस’. म्हणून त्यांना कुणी नीट विचारत नाही, आणि गेल्यावर जनाज्याला ‘फार सरळ माणूस’ एवढंच बोललं जातं. हे वाचणाऱ्यांत अशा घरातलं कुणी असेल तर या रमजानआधी वही घेऊन बसा. कोणत्या ठाण्यात किती वर्षं होते, जोडीला कोण होतं, तो जोडीदार अजून आहे का, कोणता तपास यांनी केला आणि नाव साहेबाचं झालं, हे विचारा. जोडीदार सापडला तर त्यांच्याकडेही जा, कारण घरी न सांगितलेलं बरंच काही त्यांना माहीत असतं. आणि धीर झाला तर हेही विचारा की दंगलीच्या त्या रात्री ड्यूटी कुठे होती, आणि ज्याला मार बसायला नको होता तो कुणाला बसला. ते गप्प राहिले, तर गप्प राहिले असं लिहून ठेवा, तारखेसकट.